दोनशे एकावं युनिट

ब्रिस्बेनहून भाच्याचा फोन. "मामा, आमच्याकडे जुलै 2026 पासून दुपारी तीन तास करंट फुकट!" विद्यानगरात वाढलेलं पोर कुठंही गेलं तरी विजेला करंटच म्हणणार. मी हैदराबादी माणूस, पहिला प्रश्न तोंडात आला तोच विचारला : "निवडणूक कुणाची आहे?"

"निवडणूक नाही हो. ऊन जास्त झालंय."

आता ऊन आमच्याकडे काय कमी आहे? पण तिकडं 40 लाखांहून जास्त घरांच्या छपरांवर पॅनेलं बसलीत. भर दुपारी वीज इतकी साचते, की घाऊक बाजारात भाव शून्याच्याही खाली जातो. म्हणून सरकार म्हणतंय, बाबांनो, धुणं दुपारी लावा. छपरावर पॅनेल नसलं तरी चालेल, स्मार्ट मीटर हवा.

म्हणजे ऑस्ट्रेलिया फार पुण्यवान आहे असं समजू नका. याच देशाच्या संसदेत 2017 साली अर्थमंत्री स्कॉट मॉरिसन कोळशाचं ढेकूळ हातात नाचवत आले होते, घाबरू नका म्हणत. हात काळे होऊ नयेत म्हणून ढेकळाला आधी वार्निश मारलेलं. पुढच्याच वर्षी ते पंतप्रधान झाले. त्यांच्या आधीचे टर्नबुल वीजधोरणाच्या भांडणातच स्वपक्षाकडून घरी बसले, तेही दुसऱ्यांदा. 2009 मध्ये विरोधी पक्षनेते असताना कार्बनच्याच मुद्द्यावर त्यांची खुर्ची एका मतानं गेली होती : 42 विरुद्ध 41. आणि छपरावर सूर्य बसवणारा हाच देश जमिनीखालचा कोळसा जहाजं भरभरून विकतो. क्वीन्सलँडमधली कारमायकल खाण तर आपल्या अदानींचीच. पाप निर्यात केलं की घरच्या हिशेबात धरत नाहीत.

आमच्याकडे फुकट विजेचा शोध जरा आधीच लागला. तेलंगणात 2023 च्या निवडणुकीत काँग्रेसनं दिलेल्या सहा गॅरंट्यांपैकी एक म्हणजे गृहज्योती. मार्च 2024 पासून रेशनकार्डवाल्यांना महिना 200 युनिटांपर्यंत झीरो बिल. 201 वं युनिट पडलं की मात्र सगळंच बिल भरायचं. त्या एका युनिटानं आमच्या तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाला जी शिस्त लावलीय, ती कुठल्याही हवामान परिषदेला जमलेली नाही. महिनाअखेर आली की धाकट्या पोराची ड्यूटी लागते. तो जिन्याखालच्या मीटरला नाक लावून आकडा वाचतो, आईला ओरडून सांगतो, "एकशे सत्त्याण्णव!" पुढचे दोन दिवस पंखा बंद, आणि सगळं घर टीव्ही बघायला आमच्याकडे. त्यांची वीज वाचते, आमची जळते. पृथ्वीला काय फरक पडला ते तिलाच ठाऊक.

आता अशा बिऱ्हाडकरूला जाऊन सांगा की केंद्राची सूर्यघर योजना आहे, तीन किलोवॅटला 78 हजार सबसिडी, छपरावर पॅनेल बसव. तो विचारणार, "का? झीरोचं मायनस करायचंय?" बरोबरच आहे त्याचं. मुळात छप्परही त्याचं नाही. सरकारचं सोलर म्हणाल, तर रामगुंडमच्या जलाशयावर 100 मेगावॅटची सौर पॅनेलं तरंगतात, त्यांचे फोटो फार सुंदर येतात. नलगोंडा जिल्ह्यात यादाद्री नावाचा कोळशावरचा वीजप्रकल्प मात्र 4,000 मेगावॅटचा. तो फोटोत तितकासा खुलत नाही.

उरलो आम्ही, झीरो बिल न मिळणारे. इमारतीच्या लिफ्ट आणि मोटारीसाठी सोलर बसवलं तर किलोवॅटला 18 हजार सबसिडी मिळते, असं सेक्रेटरींनी असोसिएशनच्या मीटिंगमध्ये मांडलं. पहिल्या मजल्यानं विचारलं, आम्ही लिफ्ट वापरतच नाही, वर्गणी का द्यायची? पाचव्यानं सांगितलं, गच्चीला भोकं पाडलीत तर पावसाळ्यात आमच्या बेडरूममध्ये हुसेनसागर होईल. एकानं ईशान्य दिशा काढली. आणखी एकाची डिश अँटेना तिथंच आहे, तिच्यावर 2011 पासून काही दिसत नाही, पण हलवायची नाही. ठराव एका मतानं पडला. सेक्रेटरींनी राजीनामा दिला. टर्नबुल कोण हे त्यांना माहीत नाही, पण चेहरा अगदी तसाच झाला होता.

नवे सेक्रेटरी समजूतदार निघाले. त्यांनी विषय पुन्हा काढला. सगळे जवळजवळ तयारही झाले होते, तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या आंटींनी हात वर केला. आवकाय लोणच्याच्या फोडी, मिरच्या, वडियालु म्हणजे सांडगे, शिवाय आमच्या घरच्या कुरडया, हे सगळं वाळायचं कुठं? गच्चीवर एवढं कडक ऊन वर्षातून दोनच महिने मिळतं.

सर्वानुमते ठरलं. मिनिट्समध्ये तसं लिहिलंय : "सोलरचं उन्हाळा संपल्यावर बघू."