अहवालात न बसलेला दौरा

आमच्या ग्रामपंचायतीचा अभ्यासदौरा मंजूर झाला तेव्हा पहिला प्रश्न निघाला, तो अभ्यास कुणी करायचा हा. सदस्यांनी आधी एकमेकांकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी मिळून माझ्याकडे. मी निवृत्त मास्तर. दौरा संपला की वर अहवाल पाठवावा लागतो, आणि त्यात 'सदर', 'उपरोक्त' आणि 'प्रेरणादायी' हे शब्द जागच्या जागी बसवणारा माणूस लागतो. त्या हिशेबात मला खिडकीची सीट मिळाली. अहवाल मी लिहून दिला, तो वर गेला, मंजूरही झाला. खाली लिहितोय ते त्यात बसत नव्हतं.

ठिकाण ठरवताना बहुमत शिर्डीला होतं. पण शिर्डीत जलसंधारण दाखवणं कागदावर अवघड जाईल, असं भाऊसाहेबांनी, म्हणजे आमच्या ग्रामसेवकांनी, समजावलं. शेवटी कागदावर राळेगणसिद्धी आणि 'वेळ उरला तर' शिर्डी असा तोडगा निघाला. वेळ उरवायची जबाबदारी ड्रायव्हरवर टाकून पहाटे चारला आम्ही निघालो.

आमचं गाव माळशिरस तालुक्यात, नीरेच्या उजव्या कालव्यावर. आमच्याकडे पाणी म्हणजे कालव्याला सुटतं ते, आणि सुटलं नाही तर ज्याच्यासाठी मोर्चा काढतात ते. पाऊस तसा पडतो, पण त्याचं काम मुख्यतः लग्नाचा मांडव भिजवणं. ऊस पिकतो तो वीर आणि भाटघरच्या धरणांवर. अशा गावातली माणसं थेंब कसा अडवतात ते बघायला चालली होती.

गाडीत सरपंचबाई होत्या आणि त्यांचे मालक होते. गावात 'सरपंच' म्हणून हाक मारली की मालकच ओ देतात. वारकरी तात्या होते. आणि आमचे अण्णा होते, सोसायटीचे माजी चेअरमन. 2011 च्या ऑगस्टात दिल्लीला रामलीला मैदानावर राळेगणच्या अण्णा हजाऱ्यांचं उपोषण चालू होतं, तेव्हा आमच्या तालुक्याच्या मोर्चात ते 'मी अण्णा' लिहिलेली टोपी घालून पुढं चालत होते. त्या दिवशी देशभर ती टोपी घातलेल्यांत खरं बोलणारे बहुधा ते एकटेच.

शिरूर सोडून घोडनदी ओलांडली की नगर जिल्हा लागतो. आता त्याला अहिल्यानगर म्हणायचं, हे भाऊसाहेबांनी सगळ्यांना बजावलं, कारण बॅनरवर तसं छापलं होतं. वाडेगव्हाणच्या फाट्याला वळलो. थोड्या वेळानं गाडी थांबली.

"आलं?" मालकांनी विचारलं.

"आलं."

"कुटंय?"

प्रश्न रास्त होता. देशभरातून माणसं जे गाव बघायला येतात ते दिसायला गावासारखंच दिसत होतं. शाळा, देऊळ, कांद्याची वावरं, झाडाखाली उभी मोटरसायकल. आमच्या मंडळींच्या डोक्यात कारंजं, पुतळा आणि तिकीटखिडकी असं काहीतरी असावं. भाऊसाहेबांनी घाईनं बॅनर उघडला आणि त्याच्यामागं सगळ्यांना उभं केलं. बॅनर एवढा मोठा की फोटोत राळेगण आलं नाही.

गाव दाखवायला तिथलाच एक तरुण मिळाला. चांगला मुलगा, पण त्याची एक अडचण माझ्या लवकर लक्षात आली. दुसऱ्या ठिकाणचे गाईड असलेल्या गोष्टी दाखवतात. याला नसलेल्या दाखवायच्या होत्या.

"मंडळी, हितं पूर्वी दारूची भट्टी होती."

"आता?"

"आता नाही."

भाऊसाहेबांनी त्या नसलेल्या भट्टीचा जिओ टॅग फोटो घेतला.

यादवबाबांच्या देवळात मात्र त्याला सूर सापडला. किसन बाबूराव हजारे नावाचा लष्करातला ड्रायव्हर 1975 साली नोकरी सोडून गावी आला. पासष्टच्या युद्धात खेमकरणला मरणातून वाचलेला, दिल्लीच्या स्टेशनवर विवेकानंदांचं पुस्तक घेऊन वाचलेला. गावात बघतो तर तिसाच्या वर भट्ट्या, आणि देवळाची लाकडंसुद्धा काढून त्या भट्ट्यांखाली घातलेली. त्यानं आपल्या फंडाचे पैसे घालून आधी देऊळ उभं केलं, आणि देवळात बसून मग दारूबंदी. आजही राहणं देवळाच्याच खोलीत. मला त्यातली अक्कल आवडली. आमच्याकडे कोणतीही सुधारणा आधी ठेकेदारापासून सुरू होते.

"तर 1975 ला अण्णा आले आणि अण्णांनी दारू बंद केली," मुलगा म्हणाला.

"आमच्या अण्णांनी त्याच साली सुरू केली," तात्या म्हणाले.

आमचे अण्णा दचकले. दिवसभर त्यांचं हेच चाललं होतं. 'अण्णांनी सांगितलं', 'अण्णांनी ठरवलं' असं ऐकू आलं की ते आधी मान वर करायचे आणि मग आपला संबंध नाही हे कळून खाली घालायचे. त्यातून जीव हैराण होता तो निराळ्याच कारणानं. गावातल्या दुकानांत विडी, सिगारेट, तंबाखू मिळत नाही. ती होळीत जाळली, तेव्हापासून बंद. अण्णांच्या खिशात गायछापची पुडी होती, पण काढायची हिंमत होईना. ती पुडी संगमनेरची, म्हणजे याच जिल्ह्याची लेक; माहेरात येऊन तिला खिशातून डोकं काढता येऊ नये याचं त्यांना फार वाईट वाटलं.

पुरुष मंडळींना देवळात बघायचा होता तो खांब. प्यालेल्या माणसाला देवळापुढच्या खांबाला बांधून फटके द्यायचे, ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली. हजाऱ्यांनी स्वतःच ती लपवलेली नाही. मुलानं सांगितलं, पण उत्साहानं नाही. गांधींचं नाव घेणाऱ्या माणसाच्या हिशेबात लष्करी पट्टा कुठल्या खात्यावर जातो, हे मलाही कधी सुटलेलं नाही. आमच्यातल्या दोघांनी खांबाचं अंतर नजरेनं मोजलं आणि ते उगाच दोन पावलं मागं सरकले.

तेवढ्यात सरपंचबाई बोलल्या. पहाटेपासूनचं त्यांचं हे पहिलंच वाक्य.

"तवा बायका काय म्हनल्या?"

मुलगा थबकला. मग खुलला. बायका पहिल्यापासून बाजूनं होत्या म्हणाला, मार खाणाऱ्यापेक्षा त्याच्या घरचीला सुटल्यासारखं व्हायचं. पुढं कायदाच आला. गावातल्या चौथाई बायकांनी सह्या करून मागणी केली की मतदान लागतं, उभी बाटली की आडवी बाटली. एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्तींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर परवान्याचं दुकानसुद्धा बंद. सरपंचबाईंनी मान हलवली. मालक म्हणाले, "चला, पुढचा पॉइंट."

पुढचा पॉइंट म्हणजे शिवार. तिथं आमच्या मंडळींनी आयुष्यात बघितले नसतील इतके खड्डे बघितले. डोंगरउतारावर चर, त्याच्या खाली चर, आणखी खाली ओघळीवर बांध, ओढ्यावर नालाबांध, शेवटी पाझर तलाव. माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम असंच उतरत येतं. "पळत्या पाण्याला चालायला लावायचं, चालत्याला थांबवायचं, थांबलेल्याला जिरवायचं," मुलगा म्हणाला. हे वाक्य त्यानं शेकडो अभ्यासदौऱ्यांना ऐकवलं असणार, पण तरी त्याला ते म्हणायला आवडतं हे दिसत होतं. इथं वर्षाला चारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस. पूर्वी सत्तर-ऐंशी एकर जमिनीलाच काय ते पाणी होतं. आता विहिरींना पाणी आहे, कांदा आहे, दूध आहे.

"पानी कुटंय?" अण्णांनी विचारलं. पाझर तलाव त्या दिवसांत जवळजवळ कोरडा होता.

"खाली."

"खाली म्हंजी?"

"जमिनीत गेलं. तो पाझर तलावच हाय. त्यात पानी ऱ्हायलं तर काम फसलं."

यावर आमच्याकडे शांतता पसरली. कालव्यावरच्या माणसाला तलाव कोरडा पडल्याचा आनंद होणं ही गोष्ट पचायला वेळ लागते. भाऊसाहेबांनी कोरड्या तलावाचा फोटो घेतला आणि वहीत 'जलसाठा' असं लिहिलं.

मग त्या मुलानं पंचसूत्री सांगितली. नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी, श्रमदान.

"चार बंद्या आनि एक राबनं," मालक म्हणाले. "मग चालू काय ठिवलंय?"

पण खरा घाव पुढं होता. जास्त पाणी पिणारी पिकं इथं घ्यायची नाहीत असं गावानं ठरवलं. म्हणजे ऊस नाही. आमच्या मंडळींचे चेहरे असे झाले की जणू कुणीतरी गेल्याचं कळलं. ऊस नाही म्हणजे कारखाना नाही, कारखाना नाही म्हणजे संचालक नाही, संचालक नाही म्हणजे मग माणसानं निवडणूक लढवायची तरी कशासाठी? मी आगीत तेल ओतलं. हजारे ज्यांच्याकडून हे काम शिकले त्या पुरंदरच्या विलासराव साळुंख्यांची गोष्ट सांगितली. 1972 च्या दुष्काळानंतर नायगावला त्यांनी पाणी पंचायत काढली. पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, माणसांवर. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला फार तर अडीच एकराचं. आणि ऊस तिथंही नाही.

"मानशी?" अण्णांनी विचारलं. अण्णांचा ऊस वीस एकर आहे आणि घरात माणसं तीन. ते गणित त्यांनी मनात केलं आणि खिशातली पुडी नकळत बाहेर आली. ती आत घालायला कुणी सांगितलं नाही. सगळेच दुःखात होते.

हजारे भेटतील का, सेल्फी मिळेल का, असं एकदोघांनी विचारून बघितलं. भेट आधी ठरवलेली नव्हती, त्यामुळे तो विषय तिथंच मिटला. जेवायला बाजरीची भाकरी, आमटी, कांदा. नगर जिल्ह्यात आलोय तर मटण असेल या आशेवर काहींनी सकाळचा वडापाव सोडला होता. त्यांनी आमटीच्या ताटाकडे असं बघितलं की मला पुन्हा एकदा नसलेली गोष्ट दाखवणारा गाईड आठवला. भाकरी मात्र उत्तम होती. मी तीन खाल्ल्या.

शिर्डीला वेळ उरणार नाही हे दुपारी स्पष्ट झालं, आणि तात्यांनी संधी साधली. राळेगणच्या शेजारी पिंपळनेर आहे, तिथं निळोबारायांची समाधी. तुकोबांना गुरू मानणारे निळोबा, वारकरी परंपरेतलं मोठं नाव, दर आषाढीला त्यांची पालखी पंढरपूरला येते. तात्या म्हणाले, ते दर वर्षी आपल्याकडं येतात, आपण एकदा जायला नको? या युक्तिवादाला उत्तर नव्हतं. दर्शन झालं. तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दिवसभरात जमिनीवर दिसलेलं तेवढंच, पण हे मी त्यांना बोललो नाही.

तिथून निघोज. कुकडी नदीच्या पात्रात काळ्या कातळाला पडलेले रांजणखळगे बघायला लांबून माणसं येतात, आणि ते खरंच बघण्यासारखे आहेत. भोवऱ्यात सापडलेला गोटा पाण्याबरोबर गरगरत राहतो, बेसॉल्टला घासत राहतो, आणि हजारो वर्षांत कातळात रांजण कोरला जातो. काही इतके गुळगुळीत की आत हात फिरवावासा वाटतो. नदी इथं हद्द आहे, अलीकडं नगर, पलीकडं शिरूर तालुक्यातलं टाकळी हाजी. काठावर मळगंगेचं देऊळ.

तात्या काठावर उभे राहून बराच वेळ बघत होते.

"गुरुजी," ते म्हणाले, "सकाळपासनं खड्डंच बगतोय बगा."

"हे निराळे आहेत तात्या. राळेगणला माणसांनी पाण्यासाठी खणले. हे पाण्यानं स्वतः खणले."

"पान्यानं? फुकट?" त्यांनी भाऊसाहेबांकडे वळून विचारलं, "मग आपला तो पानंद रस्त्याचा खड्डा कुनी खनला वो? बिल तर निगालं हुतं."

भाऊसाहेब फोटो काढण्यात गुंतले. इथं त्यांच्या हौसेला धरबंद राहिला नाही. एकेका खळग्याचा जिओ टॅग घेत ते पुढं पुढं सरकत गेले, आणि शेवटी सरपंचबाईंनीच त्यांना दंडाला धरून मागं ओढलं. एवढ्या लांब येऊन ग्रामसेवक कुकडीत सोडून जायचा म्हणजे पुढच्या दौऱ्याच्या मंजुरीवर कोण सही करणार?

परतीला अंधार पडला. शिरूरच्या पुढं गाडीत गाणी सुरू झाली आणि संपली. अण्णांना तंबाखू मिळाली होती, ते सुखानं झोपले होते. मालक पुढच्या वर्षीच्या दौऱ्याचं ठिकाण ठरवत होते, गोव्यात ग्रामपंचायती असतात का याची चौकशी चालू होती. असतात, मी म्हणालो. मालकांना हुरूप आला.

"भाऊसाहेब," सरपंचबाई मागच्या सीटवरून म्हणाल्या, "आपल्या गावात बायकांची मतं किती हायती?"

"असतील साडेनऊशे."

"मग चौथाई किती?"

भाऊसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. "दोनशे अडतीस," मी म्हणालो. हिशेब आला की मास्तराला गप्प बसवत नाही.

बसमधली बोलणी थांबली. स्टँडजवळचं देशी दारूचं दुकान कुणाच्या जागेत आहे, हे गाडीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"तसलं काय अहवालात घालू नका गुरुजी," मालक घाईनं म्हणाले.

"अहवालात कशाला?" सरपंचबाई म्हणाल्या. "येत्या महिला ग्रामसभंत घालू. सह्यांची वही मीच आनते."

त्या आवाजानं अण्णांना जाग आली. "कसल्या सह्या?" त्यांनी विचारलं.

"झोपा अण्णा," तात्या म्हणाले. "अजून टेंभुर्णी यायचीय."