गल्ल्यावरचा मालक

लहान व्यवसाय म्हणजे ज्यातला नफा कोणाचा हे वर्षअखेरीस ठरते आणि तोटा कोणाचा हे पहिल्या दिवशीच ठरलेले असते, असा व्यवसाय. सरकारी व्याख्या वेगळी आहे. १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटींपर्यंत वार्षिक उलाढाल असलेला प्रत्येक उद्योग ‘सूक्ष्म’ समजला जातो. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथला देवळाबाहेर बेल, फुले आणि नारळ मांडून बसणारी बाई सूक्ष्म, आणि वर्षाला साडेनऊ कोटींचा माल हलवणारा ठोक व्यापारीही सूक्ष्मच. योजनांची माहितीपत्रकेही दोघांसाठी एकच निघतात. फक्त ती वाचून समजावणारा सीए त्यांच्यापैकी एकाकडेच असतो.

सहाव्या आर्थिक गणनेत, २०१३ साली, देशात सुमारे ५ कोटी ८५ लाख आस्थापना मोजल्या गेल्या. दर दहांपैकी सातांमध्ये पगारी माणूस एकही नव्हता. मालक, त्याची बायको आणि शाळा सुटल्यावर मुले, एवढाच कर्मचारीवर्ग. पगार नसल्याने पगारवाढीचा प्रश्न उद्भवत नाही आणि मालक-कामगार संबंध सलोख्याचे राहतात. जे काही तंटे होतात ते रात्री जेवताना होतात. बायको गल्ल्यावर बसते, माल लावते, उधारी लक्षात ठेवते. नोंदणीच्या कागदावर मात्र ती गृहिणी असते.

धंद्यात जागेला किती महत्त्व असते, हे औंढ्याइतके दुसऱ्या गावाने क्वचितच अनुभवले असेल. संत नामदेव देवळासमोर कीर्तन करत असताना त्यांना मागच्या बाजूला जायला सांगण्यात आले. ते मागे गेले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी आख्यायिका आहे. नंदी फिरला नाही. तो आजही देवळाच्या मागे आहे. भक्तीच्या अंगाने कथा थोरच, पण दुकानदाराच्या अंगाने तिच्यात एक मोठी उणीव राहिली आहे: जुन्या दारासमोर ज्यांची दुकाने होती त्यांचे पुढे काय झाले? एकाही चरित्रकाराने त्यांची विचारपूस केलेली नाही. दार फिरले की गिऱ्हाईक फिरते. दर्शनरांगेचे लोखंडी कठडे एका सकाळी उजवीकडून डावीकडे हलवले, तर आजही हाच चमत्कार घडतो, आणि त्याला कीर्तनाची गरज पडत नाही.

स्पर्धा ही त्यानंतरची अडचण. ती देवालाही चुकलेली नाही. बारा ज्योतिर्लिंगांतले नागेश हे दारुकावनातले, एवढे सर्वांना मान्य आहे; दारुकावन कुठले, यावर एकमत नाही. औंढेकरांच्या मते ते औंढ्याचे. गुजरातेत द्वारकेजवळचे नागेश्वर आणि उत्तराखंडातले जागेश्वर यांचेही म्हणणे तेच आहे. द्वारकेजवळ तर शंकराची प्रचंड मूर्ती बसवलेली आहे आणि तिच्यासमोर फोटो काढता येतो. औंढ्याचा गाभारा जमिनीखाली; अरुंद वाटेने वाकून उतरावे लागते. धार्मिकदृष्ट्या ही नम्रतेची शिकवण असेल, जाहिरातीच्या दृष्टीने ती अडचण आहे. देवस्थानाचे नाव जिथे वादात, तिथे दुकानाच्या नावाचे काय? गावातल्या दुकानांवर, लॉजवर, हॉटेलांवर नागनाथाचेच नाव असणार. त्यामुळे ‘नागनाथ’ नावाच्या दुकानाची कीर्ती झाली तरी ती नेमकी कोणाची झाली, हे कळायला मार्ग नसतो. कुणाची रसवंती चालली की पुढच्या उन्हाळ्यात शेजारी आणखी दोन उभ्या राहतात आणि तिघांचेही घुंगरू सारखेच वाजते.

औंढ्यातल्या देवळाजवळच्या दुकानाचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होत नाही. श्रावणी सोमवार, महाशिवरात्रीची यात्रा आणि त्यामागून येणारा रथोत्सव, एवढेच त्याचे वर्ष. बाकीचे दिवस माशा आणि हिशेब यांच्यात जातात. म्हणून इथल्या व्यावसायिकाने अर्थसंकल्पाआधी पंचांग वाचावे. तेही नीट वाचावे. २०२३ साली श्रावण अधिक होता: १८ जुलै ते १६ ऑगस्ट अधिक श्रावण, १७ ऑगस्ट ते १५ सप्टेंबर निज श्रावण. कॅलेंडर वरवर पाहणाऱ्याला दोन श्रावण दिसतात आणि तो दुप्पट नारळ भरतो. पण व्रते निज महिन्यातच करायची असतात. अधिक महिना जावयांचा. जावई अनारसे खातो, बेल वाहत नाही. धोंड्याच्या महिन्यात कमाई झाली तर ती कापडवाल्याची आणि ताटावाटीवाल्याची.

पंचांगातही नसलेली तिथी २०२० मध्ये आली. मार्चमध्ये करोनामुळे देवळे बंद झाली ती १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये पुन्हा मिटली ती ७ ऑक्टोबर २०२१ च्या घटस्थापनेला उघडली. मध्ये दोन श्रावण गेले. त्या दोन श्रावणांत देवाला विश्रांती मिळाली, दुकानाच्या भाड्याला मिळाली नाही. किराणा अत्यावश्यक ठरला, चुडे-माळा-खेळणी ठरली नाहीत, आणि माणसाला नेमके काय आवश्यक असते हे शासनाने कळवल्यावर कळले.

गिऱ्हाइकांचे औंढ्यात दोन वर्ग पडतात. परगावचा भाविक रोख देतो, पण थांबत नाही. त्याला एका दिवसात परळीचे दर्शनही उरकायचे असते. तो गाडीतून उतरतो, नारळाचा भाव विचारतो, ‘आमच्याकडे यापेक्षा स्वस्त मिळतो’ असे सांगतो, दर्शन घेतो आणि परळी किती लांब हे विचारून निघून जातो. त्या उत्तराचे पैसे लावण्याची पद्धत अजून पडलेली नाही. गावचे आणि पंचक्रोशीतले गिऱ्हाईक मात्र थांबते. फार थांबते. त्याचेच नाव उधारी.

उधारी हा प्रकार पाठ्यपुस्तकांत ‘येणे’ या शीर्षकाखाली मालमत्तेत दाखवतात, यावरून ती पुस्तके लिहिणाऱ्यांनी किराणा दुकान चालवलेले नाही हे सिद्ध होते. हिंगोली जिल्ह्यात उधारीला दोन हंगाम आहेत, सोयाबीनचा आणि हळदीचा. व्यवहार सर्वसाधारणपणे असा होतो:

“सावकार, लिहून ठेवा. सोयाबीन निघालं की देतो.”

“मामा, मागच्या सालचंबी राहिलंय.”

“ते हळदीत धरा.”

सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास निघते. २०२४ साली त्याचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि बाजारातला भाव त्याच्या खाली. या भावाचे दोर ब्राझील आणि अर्जेंटिनाच्या पिकापर्यंत जातात. तिकडे पाऊस चांगला झाला की इकडे औंढ्यातल्या वहीतले पान उलटत नाही. दुकानदाराने ब्राझीलचा नकाशा पाहिलेला नसतो, पण त्याची उधारी तिथे अडकलेली असते. हळदीचे गणित आणखी लांबते. मे-जूनमध्ये लावलेली हळद जानेवारीनंतर काढतात, मग ती उकडायची, वाळवायची, पॉलिश करायची, मग वसमतच्या किंवा हिंगोलीच्या मोंढ्यात न्यायची. तोवर लग्नसराई येते. लग्न असलेल्या घरी पैसे मागायला जाणे असभ्य, दुःख झालेल्या घरी जाणे अमानुष, आणि ज्या घरी यातले काहीच नाही त्या घरचा माणूस नेमका परभणीला गेलेला असतो.

उधारीचा सर्वांत सूक्ष्म नियम पुढेच आहे. थकबाकी एका मर्यादेपलीकडे गेली की गिऱ्हाइकाला संकोच वाटू लागतो. ज्याचे देणे आहे त्याच्या दारावरून जाणे नको म्हणून ते पलीकडच्या दुकानात जाते आणि तिथे रोख देते. अशा रीतीने प्रत्येक दुकानदार आपल्या भांडवलावर शेजाऱ्याची रोख विक्री वाढवत असतो, आणि शेजारीही त्याच्यासाठी हेच करत असतो. ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी यावर उपाय म्हणून लावतात. पाटी गिऱ्हाइकाने वाचलेली असते. ते म्हणते, “मग उद्या येतो.”

मोठी रोख खरेदी स्थानिक बाजारात होत नाही, हेही इथेच नोंदवायला हवे. लग्नाचा बस्ता नांदेडला, फ्रीज हिंगोलीला, सोने परभणीला. रात्री नऊ वाजता घरी साखर संपली की आपल्या गावचा दुकानदार आठवतो, आणि तो शटर ओढून बसला असेल तर ‘याला धंदा करायचाच नाही’ असे ठरते.

परवाने हा विषय ऐकायला वाटतो तितका कठीण राहिलेला नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला नोंदणीऐवजी केवळ ऑनलाइन सूचना पुरेशी केली. खाद्यपदार्थ विकणाऱ्या लहान विक्रेत्याची अन्नसुरक्षा नोंदणी १०० रुपये वार्षिक शुल्कात होते. ती भरून देणाऱ्याचे शुल्क वेगळे, आणि तेच खरे शुल्क. सर्व दुकानांवर मराठी पाटीची सक्ती २०२२ साली आली. औंढ्यातल्या पाट्या आधीपासूनच मराठीत असल्याने हा एकमेव कायदा गावाने तो होण्यापूर्वी पाळला. कौतुकाचे पत्र आलेले नाही. २०१८ पासून प्लास्टिकबंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड, दुसऱ्याला १०,०००, तिसऱ्याला २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. फुलांचा पुडा वीस रुपयांचा असतो. तो घेणारा ‘पिशवी द्या ना’ म्हणतो, आणि दिली नाही तर पुडाही ठेवून जातो. कायदा त्या ‘द्या ना’ची दखल घेत नाही.

वर्गणीला अर्ज, आधार कार्ड, फोटो काहीच लागत नाही. पावतीपुस्तक स्वतःच चालत दुकानात येते. गणपती, देवी, जयंत्या, सप्ताह असे त्याचे वेळापत्रक असून आकडा आधीच लिहिलेला असतो. याला करप्रणालीने अजून हात लावलेला नाही, कारण इतकी कार्यक्षम वसुली पाहून तिला न्यूनगंड येईल.

खुद्द करप्रणालीचे अध्यात्म जीएसटीत उतरले आहे. रुद्राक्ष, जानवे, विभूती यांवर कर शून्य. अगरबत्तीवर ५ टक्के. देवस्थानाने दिलेला प्रसाद करमुक्त, पण तोच पेढा बाहेरच्या दुकानातला असेल तर मिठाई म्हणून ५ टक्के. पेढ्याला देवत्व उंबरठ्याच्या आत येते, हे यातून स्पष्ट होते. वर्षाला ४० लाखांपर्यंत माल विकणाऱ्याला नोंदणीची सक्ती नसते. त्या सवलतीचा आनंद ठोक माल घेताना भरलेला कर परत मिळत नाही हे कळेपर्यंत टिकतो.

भांडवलासाठी २०१५ पासून मुद्रा योजना आहे. तिच्या ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळू शकते. बँक तारण मागत नाही. ती सिबिल पाहते, कोटेशन मागते, मागच्या वर्षांची विवरणपत्रे मागते आणि धंदा आधी चांगला चाललेला असल्याची खात्री करून घेते. ज्याचा धंदा आधीच चांगला चालला आहे त्याला कर्ज सहज मिळते, पण तो ते घेत नाही. बाकीचे भिशी लावतात. भिशीत विवरणपत्र लागत नाही, फक्त घर माहीत असावे लागते.

यूपीआयने सुट्ट्या पैशांचा प्रश्न सोडवला आणि सुट्ट्यांऐवजी दिल्या जाणाऱ्या गोळ्या-चॉकलेटांची विक्री बुडवली. आता गल्ल्यावरचा बोलका खोका मोठ्याने ‘दहा रुपये प्राप्त’ ओरडतो. दिवसाची कमाई शेजारी, घरमालक आणि वर्गणीवाले एकदमच ऐकतात. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून लहान विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हा बंगळुरूत कित्येक टपऱ्यांनी ‘फक्त रोख’ अशा पाट्या लावल्या. औंढ्यात ती बातमी खोक्याकडे पाहत वाचली गेली असणार.

भविष्याविषयी मात्र औंढा आशावादी असायला हरकत नाही. तालुक्यातल्या दुधाळ्याजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमध्ये प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाइतका फरक तिथे मोजला जाणार आहे. चहाच्या कपामागे सुटणारा नफा मोजायला यापेक्षा ढोबळ यंत्र चालणार नाही, तेव्हा तेही काम होऊन जाईल. प्रकल्पाची बातमी येताच जमिनीचे भाव आणि लॉजची स्वप्ने यांत लहरी उठणे साहजिक आहे. अडचण एवढीच की अशा यंत्राला वाहनांची वर्दळ आणि जमिनीची थरथर सोसत नाही. वेधशाळेसाठी ही जागा योग्य ठरण्याचे एक कारण तिथली शांतता होते. म्हणजे ज्या निवांतपणाने दुकानदार इतकी वर्षे हैराण आहे, त्या निवांतपणाला अखेर २,६०० कोटींचे गिऱ्हाईक मिळाले.

शेवटचा प्रश्न वारसाचा. ‘स्वतःचा व्यवसाय’ हे शब्द भाषणात अभिमानाचे आणि लग्नाच्या बायोडाट्यात काळजीचे असतात. मुलीकडचे लोक दुकान पाहतात, जागा स्वतःची की भाड्याची विचारतात आणि मग मुलगा आणखी काय करतो हे विचारतात. ‘परीक्षांची तयारी करतो’ हे उत्तर दिलासादायक मानतात. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी १० लाखांहून अधिक अर्ज आले आणि खुल्या गटाचे शुल्क १,००० रुपये होते. अशा अर्जांपैकी बरेच झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानांतून भरले जातात. व्यवसायातून सुटू पाहणाऱ्यांच्या रांगेवर चालणारा हा व्यवसाय बारमाही आहे. त्याला श्रावण लागत नाही, ब्राझील लागत नाही, आणि सर्व्हर डाऊन असला तरी फॉर्मचे पैसे आधी घेतलेले असतात. तलाठ्याचा अभ्यास सोडून काहींनी हेच दुकान टाकायचे ठरवले आहे, आणि अशा दुकानाच्या शेजारचा गाळा त्यामुळेच रिकामा राहत नाही.