सायकलवाले रायर

तंजावरातल्या देशस्थ मराठी माणसाला बाकीचं गाव ‘रायर’ म्हणतं. आडनाव काहीही असो, गोत्र काहीही असो. पोस्टातून निवृत्त झालेले रायर, शाळेत गणित शिकवून आवाज गमावलेले रायर, पतपेढीत दुसऱ्यांच्या नोटा मोजून बोटं झिजलेले रायर, असे कितीतरी या गावात सापडतात. त्यांच्यातच एक पोटजात आहे, सायकलवाल्या रायरांची. संख्या थोडी, आणि दरवर्षी घटतेच आहे. पण एक रायर रस्त्यावर उतरला की मागे जी रांग लागते, तिच्यामुळे ते पुष्कळ असावेत असं वाटतं.

काळी चोवीस इंची सायकल, पूर्ण चेनकव्हर, स्प्रिंगचं कॅरिअर आणि त्यात अडकवलेली छत्री. हँडलला पिवळी कापडी पिशवी. तिच्यात ताजी दळलेली कॉफीची पूड, कढीलिंबाच्या दोन काड्या आणि कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका. वेष्टी गुडघ्यावर दुमडलेली, कपाळावर अंगार-अक्षता. रबरी चपलांपैकी उजवी डावीपेक्षा पातळ झालेली, कारण ब्रेकवर रायरांचा भरवसा नाही. थांबायचं म्हणजे उजवा पाय जमिनीवर घासत न्यायचा. डायनॅमो आहे, दिवा लागत नाही. पूर्वी बिनदिव्याच्या सायकलला पोलीस अडवायचे, आता पोलीसच अडवत नाहीत तर दिवा कुणाला दाखवायचा, असा त्यांचा सवाल असतो.

वेग एकच. चढ असो, उतार असो, डोक्यावर एप्रिलचं ऊन असो की पाठीशी उसाचा ट्रॅक्टर, रायरांचं पायडल त्याच लयीत फिरतं. मोटारवाल्यांशी होणाऱ्या झगड्याचं मूळ इथेच आहे. मोटारवाल्याला हळू जाणारा माणूस खपतो, घाबरून जाणारा तर फारच आवडतो. हळू जाणारा आणि वर न घाबरणारा मात्र त्याला सहन होत नाही.

वैऱ्यांमध्ये पहिला मान खासगी बसचा. कुंभकोणम, पट्टुक्कोट्टै, तिरुवैयारू या बाजूंना जाणाऱ्या खासगी गाड्या मिनिटांवर जगतात. पुढची बस गेली आणि मागची यायची आहे, तेवढ्यात थांब्यावरची माणसं उचलायची. उशीर झाला की मागची बस उतारू घेऊन जाते आणि दिवसाच्या वसुलीला भोक पडतं. ड्रायव्हरच्या लेखी रायर म्हणजे टायमिंगमध्ये शिरलेला माणूस. म्हणून हॉर्न. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला 119वा नियम अनेक सुरांच्या कर्कश हॉर्नला मनाई करतो. पण कर्नाटक संगीताच्या माहेरघरात हा नियम कुणाला पटला नसावा. एका बसचा हॉर्न आरोहात चार स्वर घेतो आणि उतरताना एक गाळतो. रायर मान हलवतात. ड्रायव्हरला वाटतं म्हातारा वरमला, पण रायरांची मान गाळलेल्या स्वरासाठी हललेली असते.

दुसरा वैरी म्हणजे पक्षाचा झेंडा लावलेली पांढरी गाडी. आत बसलेल्याच्या वेष्टीला पक्षाच्या रंगाचा काठ असतो. काठाचे रंग निवडणुकीगणिक बदलले तरी गाडीची चाल बदलत नाही, असा रायरांचा अभ्यास आहे. तिसरा टीव्हीएस एक्सएलवाला. हा खरं तर सायकलवाल्याचाच सख्खा भाऊ, मोपेडवर गॅसचं सिलिंडर, दुधाचे कॅन, वैरणीचा भारा आणि वर बायको घेऊन जाणारा. कालपर्यंत स्वतः सायकल मारत होता, म्हणून त्याचं ‘तळ्ळु, तळ्ळु’, म्हणजे सरक, सरक, सगळ्यांत जोरात. बाहेरगावच्या भाविकांच्या गाड्यांना मात्र रायर वैऱ्यांत धरत नाहीत. ते बिचारे फोनवरच्या नकाशाचं ऐकतात आणि नकाशाला कीळवासलचा बाजार कळत नाही.

या सगळ्यांची पहिली आज्ञा एकच: ‘ओरमा पो!’ म्हणजे कडेनं जा. आता कड कुठे आहे हे कुणी सांगत नाही. डांबर जिथे संपतं तिथे वीतभर खोल मातीची पायरी. मातीवर उसाच्या रसाची गाडी, शेजारी फुलवाली, पुढे उलट्या तोंडाची रिक्षा आणि तिच्या सावलीत झोपलेली शेळी. कडेनं जायचं तर या चौघांना उठवावं लागेल. रायर एखाद्या दिवशी खरंच थांबून, शेळीकडे बोट दाखवून मागच्या मोटारवाल्याला विचारतात, “आधी हिला सांगू का?”

याच गावात वाट देण्याची रीत नाही असंही नाही. कापणीच्या दिवसांत कावेरीच्या मुलखातले शेतकरी अर्ध्या डांबरी रस्त्यावर भात वाळत घालतात. मग तीच बस, तीच झेंड्याची गाडी, भाताला धक्का न लावता उरलेल्या अर्ध्यातून एकेक करून निघते, कुणी हॉर्न मारत नाही. 2015 साली बृहदीश्वराचा रथ सुमारे शंभर वर्षांनी पुन्हा चार राजवीथ्यांतून ओढला गेला. त्याचा वेग रायरांच्या सायकलीपेक्षाही कमी होता, आणि लोक हात जोडून उभे होते. रायरांचं म्हणणं एवढंच, की तांदळाला आणि देवाला मिळते ती वाट मधल्यामध्ये माणसालाही मिळावी. तांदूळ तर ते रोज खातात आणि देवाला रोज जातात. एवढी ओळख पुरायला हवी.

पुण्यात सायकलवाला रस्त्यात आडवा आला की मोटारवाला विचारतो, “रस्ता काय बापाचा आहे का?” सायकलवाला तोच प्रश्न दुप्पट आवाजात परत करतो, दोघंही उत्तराची वाट न बघता निघून जातात आणि संध्याकाळी त्यातला एकजण वर्तमानपत्राला पत्र लिहितो. तमिळमध्येही हाच प्रश्न आहे, ‘उंग अप्पन वीट्टु रोडा?’ मात्र तो राजवाड्याभोवतीच्या राजवीथीत एखाद्या रायरांना विचारला तर पंचाईत होते, कारण ते खरोखर विचार करतात. व्यंकोजीराजे इथे 1676च्या सुमारास गादीवर बसले. 1855 साली दुसरे शिवाजीराजे वारले आणि कंपनीनं राज्य खालसा केलं. तोवर रायरांचे खापरपणजोबा राजवाड्याच्या दफ्तरात मोडी लिहायला होते. तेव्हा रायर प्रामाणिकपणे म्हणतात, “बापाचा नाही. खापरपणजोबांच्या धन्याचा होता. पण ते प्रकरण मिटलं.” विचारणाऱ्याला वाटतं म्हातारा चक्रम आहे, आणि तो गाडी जरा लांबून नेतो. रायरांना एवढंच हवं असतं.

इतिहासाचा विषय निघालाच म्हणून सांगतो, या पोटजातीचा एक लाडका सिद्धान्त आहे. याच गादीवरच्या सरफोजीराजांनी जगातून काय काय आणवलं नाही? पुस्तकं, चित्रं, शस्त्रक्रियेची हत्यारं, छापखाना. मोठ्या देवळाच्या भिंतीवर 1803 साली भोसले घराण्याची बखर मराठीत कोरून ठेवली. 1817 साली जर्मनीत कार्ल ड्राइसनं दोन चाकांचं लाकडी यंत्र काढलं, पायडल नसलेलं, पायांनी ढकलायचं. राजे 1832पर्यंत हयात होते. राजांना शिकवणारे श्वार्ट्झ पाद्री जर्मन, यंत्र जर्मन, मग राजांना त्याची खबर नसेल हे रायरांना मान्यच नाही. सरस्वती महाल ग्रंथालयातल्या मोडी रुमालांमध्ये कुठेतरी ‘दुचाकी लाकडी, नग एक’ अशी नोंद असणार, असं ते छातीठोक सांगतात. सगळे रुमाल अजून वाचून झालेले नाहीत, त्यामुळे त्यांना खोटं पाडता येत नाही.

पण या मंडळींचं खरं कसब दिसतं ते शिवीला उत्तर देण्यात. तमिळ मोटारवाल्याची ठेवणीतली शिवी म्हणजे ‘वीट्ल सोल्लिट्टु वंदिया?’ घरी सांगून आलायस का? मरायलाच निघालास तर निदान घरच्यांना कळवलंस का, असा त्यातला मायेचा भाग. दुसरा कुणी असता तर खवळला असता. रायर याला चौकशी समजतात, आणि चौकशी केलेल्या माणसाला उत्तर न देणं त्यांच्या संस्कारात बसत नाही. अडचण एवढीच की विचारणारा तोवर फर्लांगभर पुढे गेलेला असतो. उत्तर शिल्लक राहतं.

आणि शिल्लक उत्तर वसूल करण्याची सोय तंजावरनं करून ठेवली आहे. गाव किल्ल्याच्या आत वाढलेलं, रस्ते हत्तींच्या हिशेबानं आखलेले, गाड्या आजच्या. जो तुम्हाला हॉर्न मारून पुढे गेला तो कीळवासलला, जुन्या बसस्टँडच्या वळणावर किंवा कालव्याच्या पुलाच्या तोंडाशी अडकलेला सापडणारच. तिरुवैयारूचा रस्ता तर रायरांसाठीच बांधल्यासारखा आहे. बारा-तेरा किलोमीटरमध्ये वडवारू, वेण्णारू, वेट्टारू, कुडमुरुट्टी अशा नद्या ओलांडायच्या, तेव्हा कुठे कावेरी. प्रत्येक नदीवर पूल, प्रत्येक पुलावर समोरून येणारं काहीतरी अवजड.

वेण्णारूपाशी मी हा वसुलीचा कार्यक्रम पाहिला आहे. पुलावर ऊसवाला ट्रॅक्टर समोरून शिरलेला, बस अलीकडे तोंड घालून उभी, इंजिन धडधडतंय. मागून संथ पायडल मारत रायर आले, उजवी चपल फरफटवत थेट ड्रायव्हरच्या खिडकीखाली थांबले, एक हात खिडकीच्या गजाला धरून तोल सावरला आणि दुसऱ्या हातानं घंटी वाजवली. फक्त एकदा. ड्रायव्हरनं खाली पाहिलं.

“तंबी, मघाशी विचारलंत ना, घरी सांगून आलोय का? आलोय. मुलाला फोनवर सांगितलं, सुनेला समोर. बारापर्यंत परत येणार. आज एकादशी, म्हणून जेवायची घाई नाही.”

ड्रायव्हर गप्प. खिडकीतली एक फुलवाली पुढे वाकून ऐकायला लागली.

“आता तुमचं सांगा. तुमच्या घरी कोण कोण?”

सिग्नल असता तर सुटला असता, पण ट्रॅक्टरला कुठला सिग्नल? ड्रायव्हर आधी म्हणाला, “पोंग सार, पोंग.” जा साहेब, जा. मग फुलवालीनंच त्याला दटावलं, म्हातारा माणूस विचारतोय तर सांग की. शेवटी निघालं की घरी बायको, आई आणि अकरावीतली मुलगी. मुलीला शाळेतून सरकारी सायकल मिळाली आहे. तमिळनाडूत ही योजना 2001-02 साली दलित आणि आदिवासी मुलींपासून सुरू झाली आणि पुढे सरकारी-अनुदानित शाळांतल्या सगळ्याच अकरावीच्या मुलामुलींना सायकली मिळू लागल्या, त्यामुळे दुपारी चारच्या सुमारास तंजावरच्या रस्त्यांवर एकसारख्या सायकलींचा लोंढा लोटतो. मुलगी वल्लमच्या रस्त्यानं येते, तिथे लॉऱ्या फार, असं सांगताना ड्रायव्हरचा आवाज खाली आला.

“घरी सांगून निघते ना?” रायरांनी विचारलं.

फुलवाली आधी हसली, मग कंडक्टर, आणि शेवटी, थोडं नाइलाजानं, ड्रायव्हर. तेवढ्यात मागून दुसऱ्या खासगी बसचा हॉर्न आला, ट्रॅक्टर बाजूला झाला, आणि रायरांनी हात वर करून बसला आधी जाऊ दिलं. त्या दिवशी ड्रायव्हरचं टायमिंग बोंबललंच असणार. दुसऱ्या दिवशी त्यानं हॉर्न मारला नाही असं मात्र समजू नका. मारला. फक्त तो गाळलेला स्वर घ्यायचा प्रयत्न केला, असं रायर सांगतात. मी ऐकायला नव्हतो.

झेंड्याच्या गाडीपुढे ही विद्या चालत नाही. त्या गाडीच्या काचा काळ्या आणि बंद असतात. तिथे रायर सरळ खाली उतरून सायकल हातात धरून उभे राहतात. सगळ्यांशी बोलायलाच हवं असा त्यांचा हट्ट नाही.

घरी या पराक्रमाला किंमत शून्य. सायकलवाल्या रायरांच्या मामींचीही एक जात असते, आणि तिच्यातल्या काही माहेरच्या पुदुक्कोट्टैच्या निघतात. तंजावरला लागूनच असलेल्या त्या जिल्ह्यात 1991च्या सुमारास साक्षरतेची मोहीम निघाली, तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी बायकांना सायकली शिकवणं त्या मोहिमेतच घातलं, आणि हजारो बायका शेतातून, खाणीतून, अंगणवाडीतून सायकलवर बसल्या. पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिल्यामुळे ती गोष्ट पुष्कळ दूर पोचली. पण त्या बायकांनी रस्त्यात काय काय ऐकून घेतलं ते मामींना कुणी लिहून सांगायला नको. बसवाल्याच्या शिव्या परवडल्या, ओसरीवर बसलेल्या पुरुषांची टीका त्याहून वाईट. “तुम्हाला ‘पेरुसु’ म्हणाले, म्हातारा म्हणाले, एवढंच ना?” मामी विचारतात. “खोटं काय त्यात?” मामींची सायकल रायरांपेक्षा वेगात जाते हेही गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्या बाजाराला एकट्या जातात, कारण बरोबर गेलं तर भाजी सुकते.

आणि घरी सांगून आलोय, घरी सांगून आलोय, असं रायर गावभर सांगत फिरतात ना, त्याबद्दल मामींना विचारलं.

“मला? जन्मात नाही. चपला दिसल्या नाहीत की समजायचं गेले.” मग ताकाचं भांडं पुढे सरकवत म्हणाल्या, “मला बसवाला सांगतो. कंडक्टर गल्लीच्या तोंडाशी ओरडून जातो, मामी, रायर अमक्या पुलावर आहेत, वाट अडवून बसलेत. वेण्णारूच्या अलीकडे असले तर मी कुकर लावते. पलीकडे असले तर आधी माझं जेवण उरकून घेते.”