दहावीतच थांबायचं होतंस, साडेनऊ!

गुणक साडेनऊ यास,

नमस्कार-चमत्कार राहू दे. प्लेसमेंटचा मोसम आला की अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या कॉलेजांत मुलं एकमेकांना ‘पॉइंटर (सीजीपीए) किती?’ विचारतात, आणि टक्के काढायला मोबाईलवर त्याला तुझ्याने गुणतात. हा अधिकार तुला कोणी दिला?

तू सीबीएसईच्या दहावीतला. 2010 साली तिथे मार्कांच्या जागी श्रेणी आल्या. 91 ते 100च्या गटातल्या मुलांची आधीच्या वर्षांची सरासरी 95च्या आसपास होती. तिला त्या गटाच्या 10 श्रेणीगुणांनी भागलं आणि तू जन्मलास. तुझं उत्तर अंदाजी आहे, हे मंडळाने तेव्हाच सांगितलं होतं. तिथे तुझं जमलंही. 61 ते 70 मार्कांना 7, आणि तुझं उत्तर 66.5. मग 2018 साली दहावीला बोर्डाची परीक्षा आणि मार्क परत आले. तुझं काम संपलं. तू मात्र डिग्रीच्या फॉर्मांत येऊन बसलास.

इथे काय करतोस ते बघ. मुंबई विद्यापीठाच्या चॉइस बेस्ड पद्धतीत बीएस्सीच्या मुलाला 55 ते 60च्या दरम्यान मार्क पडले की 7 मिळत. इंजिनीअरिंगला तेच 7 मिळायला किमान 60 लागत. एकाच विद्यापीठातले हे दोन 7, आणि तू दोघांच्या हातावर 66.5 ठेवतोस!

तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची परिषद एआयसीटीई, तिच्या कोष्टकात 6.25 म्हणजे 55 टक्के आणि 6.75 म्हणजे 60. आता 6.4 पॉइंटरचा मुलगा घे. कंपनीची अट 60 टक्क्यांची. तू त्याला 60.8 देतोस. तो फॉर्म भरतो, निवडला जातो, घरी पेढे येतात. मग कागदपत्रं तपासणारा कोष्टक लावतो आणि 56.5 काढतो. खोटी माहिती दिल्याचा ठपका त्या पोरावर येतो, कारण फॉर्मवर सही त्याची असते. ज्या बापाने कर्ज काढून शिकवलं, त्याला हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

जर्मनीला निघालेल्या मुलांना जे सूत्र लागतं, त्यात पास व्हायला किमान किती लागतात हेही धरतात. तिथे 1 सगळ्यांत चांगला. दहापैकी 7 असतील आणि पास 4ला असेल तर 2.5 येतात, पास 5ला असेल तर 2.8. म्हणजे ते सूत्र निदान समोरच्याची मोजपट्टी विचारतं. तू कधीच विचारली नाहीस.

मुलांनो, फॉर्ममध्ये पॉइंटर आहे तसाच लिहा आणि पुढे ‘दहापैकी’ लिहा. टक्के मागितलेच, तर आपल्या विद्यापीठाचा नियम बघा, परीक्षा विभागाकडून लेखी घ्या आणि तो कागद जोडा. आणि 60 टक्क्यांची अट घालणाऱ्या कंपन्यांनो, फॉर्ममध्ये पॉइंटरचा एक रकाना ठेवा. टक्के काढायचेच असतील तर कोणत्या नियमाने, ते जाहिरातीतच छापा.