पोर्टफोलिओचे पप्पा

महाळुंग्यात एखाद्या घरातली मुलगी दहावीनंतर "मला डिझाइनला जायचंय" असं म्हणाली की दोन गोष्टी ठरलेल्या असतात. आई विचारते, "म्हणजे शिवणकामच ना?" आणि वडील काही न विचारता एक जाडजूड फाइल विकत आणतात. आई पुढं भिशीतून पैसे काढून देते आणि वादातून मोकळी होते. वडील मात्र त्या फाइलीत कायमचे अडकतात. हे वडील चाकण एमआयडीसीच्या पट्ट्यात हल्ली बिल्डिंगगणिक एक तरी सापडतात. मूळ गाव माण-खटावकडं नाहीतर लातूर-धाराशिवकडं. डिप्लोमा करून इथं आले, ऑपरेटरचे इन्स्पेक्टर झाले, इन्स्पेक्टरचे क्वालिटी इंजिनिअर झाले आणि आता घरीही क्वालिटी इंजिनिअरच असतात.

आमच्या सोसायटीतल्या नमुन्याला सगळे क्वालिटीकाका म्हणतात. भाजीवाल्याच्या पाटीतले पाच टोमॅटो उचलून ते पाटीचं भवितव्य ठरवतात. लग्नाच्या पंगतीत दोन जिलब्या शेजारी ठेवून व्यासातला फरक वाढप्याच्या लक्षात आणून देतात. मी शाळेत चित्रकला शिकवतो हे कळल्यापासून गुरुवारी, म्हणजे त्यांच्या कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी, ते फाइल काखोटीला मारून माझ्याकडं येऊ लागले.

पोर्टफोलिओ हा शब्द त्यांनी कॅंटीनमध्ये ऐकला. एका सहकाऱ्याचा मुलगा लोणी काळभोरला डिझाइन शिकतो. पोर्टफोलिओ म्हणजे काय, तर केलेल्या कामाची फाइल, एवढं त्यानं सांगितलं आणि काकांच्या डोक्यात उजेड पडला. "म्हणजे पीपॅप!"

कारखान्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. नवा पार्ट पुरवायचा असेल तर सप्लायरनं आधी कागदांचा एक गठ्ठा द्यायचा असतो: ड्रॉइंग, मापांचे अहवाल, मटेरियलचं सर्टिफिकेट, नमुना, अशा एकूण 18 बाबी. कस्टमरची सही झाल्याशिवाय एक नगही गेटबाहेर जात नाही. "कस्टमर म्हणजे कॉलेज, सप्लायर म्हणजे मी, आणि पार्ट म्हणजे आमची पोरगी," काकांनी खुलासा केला. पोरगी शेजारीच बसली होती. तिनं पार्टासारखाच चेहरा केला.

फाइल मात्र बघण्यासारखी होती. अनुक्रमणिका, रंगीत सेपरेटर, रिव्हिजन नंबर. पहिल्या पानावर इंटरमिजिएटचं लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट आणि त्याखाली टाइप केलेली ओळ: ए ग्रेड, दहावीला 7 वाढीव गुण. पुढं प्रत्येक चित्राच्या उजव्या कोपऱ्यात तीन रकाने: काढणार, तपासणार, मंजूर करणार. पहिल्यात मुलीची सही, दुसऱ्यात काकांची, तिसऱ्यात माझी हवी होती. मी चहा मागवला.

तेवढ्यात त्यांनी खिशातून व्हर्निअर काढला आणि वस्तुचित्रातल्या तांब्याला लावला. "सर, मधल्या रेषेपासून डावीकडं बत्तीस भरतोय, उजवीकडं चौतीस. तुमच्या लाइनमध्ये टॉलरन्स काय असतो?"

इतकी वर्षं मी मुलांच्या चुकलेल्या तांब्यांवर लाल रेघा मारत आलोय, पण टॉलरन्स किती हे मला कुणी विचारलं नव्हतं. प्रश्न चांगला होता आणि उत्तर माझ्याकडं नव्हतं.

काकांनी कॉलेजांचंही रीतसर सप्लायर असेसमेंट केलं होतं. भिंतीवर तक्ता. अहमदाबादची एनआयडी 1961 ची, मुंबईची जे.जे. 1857 ची. "अठराशे सत्तावन्न! आयएसओच्या किती आधीची," असं म्हणून त्यांनी जे.जे.पुढं हिरवी टिकली लावली. अडचण एवढीच होती की तक्त्यातल्या निम्म्या ठिकाणी ही फाइल कुणी उघडणारच नव्हतं. राज्यातल्या बीएफएच्या सीईटीला मुलांना समोर बसवून वस्तुचित्र, स्मरणचित्र काढायला लावतात. आयआयटीच्या यूसीडला फाइल नेत नाहीत, परीक्षा द्यावी लागते. निफ्टमध्ये हातात पुठ्ठा, दोरा, कागद देतात आणि तिथल्या तिथं काहीतरी बनवायला सांगतात. सिंबायोसिसच्या डिझाइन संस्थेसारख्या ठिकाणी मात्र परीक्षेनंतर पोर्टफोलिओ उघडून बोलायला बसतात. परदेशात तर त्याच्यावाचून पान हलत नाही, आणि पुढं नोकरी मागायला जाताना डिग्रीच्या आधी तोच मागतात.

हे सगळं मी जपून सांगितलं. काका हिरमुसतील असं वाटलं होतं. "फाइल बघत नाहीत, मग इनकमिंग इन्स्पेक्शन कसं करतात?"

"समोर बसवून काढायला लावतात."

"म्हणजे प्रोसेस ऑडिट!" ते खुलले. "ते तर आणखी कडक." तक्त्यात एक रकाना वाढला.

पुण्यातला एक क्लासही ते बघून आले. तिथल्या मुलांचे पोर्टफोलिओ पाहून भारावले होते. प्रत्येकात प्लास्टिकच्या बाटलीचा दिवा, अश्रू ओघळणारा एक डोळा, एक वारली नाच आणि 'झाडे लावा'चं पोस्टर. "सर, चाळीस पोरं आणि व्हेरिएशन शून्य! एका डायमधून काढल्यासारखं काम." ज्या गोष्टीसाठी मुलाखत घेणारे तिसऱ्या पानावर जांभई देतात, त्या गोष्टीचं या गृहस्थांना कौतुक वाटत होतं. त्यांनाही काय दोष द्यायचा? हजारावा नग पहिल्यासारखाच निघावा म्हणून ज्यानं उमेदीची वर्षं घालवली, त्याला पहिल्यासारखं दुसरं चित्र निघालं तर ते नापास, हे कुठल्या तोंडानं सांगणार?

मला खरा पोर्टफोलिओ सापडला तो त्यांच्या गॅलरीत. तिथं वॉशिंग मशिनशेजारी एक लाल प्लास्टिकचा क्रेट होता. कारखान्यात नापास माल लाल बिनमध्ये टाकतात. काकांनी भंगारवाल्याकडून तसाच क्रेट घरी आणलेला. त्यात मुलीची बाद झालेली चित्रं, आणि प्रत्येकाला दोऱ्यानं बांधलेला टॅग.

मी एकेक काढत गेलो. एचपी चौकातला जाम: मोटारी लादलेला लांबलचक ट्रेलर आणि त्याच्या सावलीत स्टोव्ह पेटवून बसलेला ड्रायव्हर. शिफ्ट सुटल्यावर हेल्मेट डोक्यावरच ठेवून वडापाव खाणारी काँट्रॅक्टवरची पोरं. कंपनीच्या बसमध्ये झोपलेल्या बायका. एकीचं डोकं दुसरीच्या खांद्यावर, मांडीवरचा डबा मात्र दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. रेषा धावत्या, खोडलेल्या, पुन्हा मारलेल्या. बसच्या चित्राचा टॅग मी तिथंच उभ्यानं वाचला. दोष: रेषा हललेली. कारण: बस चालू होती. उपाय: बस थांबल्यावर काढणे.

"काका, फाइलमध्ये हे घाला."

त्यांचा चेहरा पडला. "सर, हे स्क्रॅप आहे."

मग मी त्यांना मुलाखतीत काय चालतं ते सांगितलं. तिथं चकचकीत चित्र कुणाला नवं नसतं. हे असं का काढलंस, आधी काय करून पाहिलंस, कुठं फसलं, मग काय बदललंस, हे विचारतात. पंधरा-वीस निवडक कामं पुरतात, पण त्यांच्या मागची कच्ची पानं लागतात. काकांना पटेना. शेवटी मी मोटारीवर आलो. बजाजचा कारखाना महाळुंग्याच्याच हद्दीत आहे, शेजारी फोक्सवॅगन 2009 मध्ये आली, रस्त्यावरून दिवसरात्र नवी वाहनं जातात; पण ही वाहनं आधी कुणीतरी हातानं काढलेली असतात, ही बातमी आमच्या गावात अजून पोचलेली नाही. एका मोटारीसाठी ढीगभर स्केचेस होतात आणि बहुतेक टाकून दिली जातात, मग क्लेचं पूर्ण आकाराचं मॉडेल करतात आणि तेही तासून तासून बदलत बसतात, असं मी सांगितलं.

"मातीची गाडी?" काका खुर्चीत पुढं सरकले. "आणि तासतात?"

बराच वेळ ते क्रेटकडं बघत राहिले. त्यांच्या टेबलावर ड्रॉइंग यायचं ते चौकटीतलं, सह्या झालेलं, एकही माप न बदलणारं. त्याआधीचं काही कुणी त्यांना दाखवलंच नव्हतं. "आमच्याकडं फ्रीझ झाल्यावरच येतं हो," ते म्हणाले. मग त्यांनी बसचं चित्र उचललं, टॅग सोडला आणि दोरा नीट गुंडाळून खिशात ठेवला. दोरा वाया घालवणं त्यांच्या रक्तात नाही.

मला वाटलं, माणूस बदलला. पण बदलला तर तो क्वालिटीचा माणूस कसला? पुढच्या गुरुवारी क्रेटला हिरवा रंग लागला होता आणि फाइलीत नवा विभाग उघडला होता: 'चुका (मंजूर)'. प्रत्येक चुकीला नंबर, तारीख, चुकीचा प्रकार आणि तिच्यापासून काय शिकलो याचा रकाना. स्वयंपाकघराच्या दारावर आलेख लावला होता, आठवड्याला 12 चुका या दराने. मुलीची आई त्याच्याखाली पोळ्या लाटत होती. तिनं माझ्याकडं पाहून फक्त लाटणं जरा जोरात फिरवलं.

परवा रात्री काकांचा फोन आला, आवाज चिंतेचा. "सर, आठवड्यात चारच चुका झाल्यात. बारा कुठं, चार कुठं! हात बसत चाललाय तिचा. महिनाअखेर कशी गाठायची?"

मी काही बोलायच्या आत मागून मुलीचा आवाज आला. "पप्पा, फोन ठेवा ना, तुम्ही सारखे हलताय. तुमचं नाक दोनदा आलं."

"दोनदा?" काका फोन न ठेवताच तिकडं ओरडले. "खोडू नको! पाच नंबर टाक त्याला!"