बीपशी हुज्जत घालता येत नाही

पंचांशी, निवड समितीशी, झालंच तर समालोचकांशी क्रिकेटपटूला वाद घालता येतो. यो-यो चाचणीतल्या बीपपुढे ती सोय नाही. डेन्मार्कच्या येन्स बान्ग्सबो यांच्या या चाचणीत 20 मीटर पळत जायचं, तेवढंच परत यायचं, 10 सेकंद दम खायचा आणि पुन्हा पळायचं, सगळं बीपच्या तालावर. वेग वाढत जातो तो बीपचा, माणसाचा नव्हे.

2018 च्या आयपीएलमध्ये अंबाती रायुडूने 602 धावा कुटल्या. जूनमध्ये तो भारतीय संघात जागा मिळवण्यासाठीच्या यो-योमध्ये अडकला आणि इंग्लंडच्या एकदिवसीय दौऱ्याचं तिकीट सुरेश रैनाला मिळालं. चौकार-षटकार मारले की पळावं लागत नाही, हा फलंदाजीतला गुण. चाचणीत त्याचे मार्क नसतात!

त्याच महिन्यात मोहम्मद शमीही नापास झाला आणि अफगाणिस्तानविरुद्धची कसोटी हुकली. पुढे तो इंग्लंडला गेला आणि पाच कसोटींत त्याने 16 बळी घेतले. इंग्लिश फलंदाजांना त्याचा जूनमधला निकाल कुणी कळवला नसावा.

हौशी धावपटूंचं दुखणं निराळं. जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन आटोपते आणि मे महिन्याच्या घामट उकाड्यात कुणाला तरी 12 मिनिटांत किती अंतर पळता येतं ते मोजणाऱ्या कूपर चाचणीची हुक्की येते. उष्म्यात रक्त त्वचेकडे वळतं, त्याच वेगाला ठोके वाढतात, अंतर घटतं. साधं शरीरशास्त्र. पण दोष बुटांवर जातो आणि नवे बूट हप्त्यांवर येतात. प्रेरणा मग निदान हप्ते फिटेपर्यंत टिकते. डिसेंबरात हवा गार झाली की अंतरही वाढतं. श्रेय अर्थातच बुटांना.