गॅलरीचे नेमके काम काय?

बिल्डरच्या गुळगुळीत माहितीपुस्तिकेत घरातल्या इंच न् इंच जागेला काम नेमून दिलेले असते. इथे बसायचे, इथे जेवायचे, इथे लॅपटॉप मांडून कंपनीचे भले करायचे. त्या नकाशातला सोफा कायम मोकळा असतो. घडी घालायच्या कपड्यांचा ढीग त्यावर कधी दिसत नाही. जेवणाच्या टेबलावर लाइटबिल, औषधांच्या पट्ट्या आणि लोणच्याची बरणी नसते. नकाशात राहणारी माणसे फार नेमाची असावीत.

अशा कामसू घरात गॅलरी म्हणजे बिनखात्याची मंत्री. एकही खाते नावावर नाही, म्हणून सगळ्यांची उरलेली कामे तिच्याकडे. सकाळी पेपर आणि चहा, दुपारी कुरडयांचे वाळवण, संध्याकाळी तुळशीपुढे दिवा. चैत्रात गुढी तिथे उभी राहते, दिवाळीत आकाशकंदील तिथे लटकतो आणि पितृपक्षात कावळ्याची विनवणीही तिथूनच होते. भाजीवाल्याशी घासाघीस करायला आणि शेजारच्यांकडे आलेले पाहुणे मुलीकडचे की मुलाकडचे हे ठरवायला याहून सोयीची जागा नाही. संसार टिकवण्यातही तिचा वाटा आहे. भांडण झाले की दोघांपैकी एकाने गॅलरीत जाऊन उभे राहायचे. तेवढ्या तीन फुटांत घर सोडून गेल्याचे समाधान मिळते आणि परत यायला रिक्षा करावी लागत नाही.

आता जागेकडून चोख काम मागण्याची ही वृत्ती काही आपल्या बिल्डरांनी शोधलेली नाही. इमारतीचे रूप तिच्या कामातून ठरावे, असे अमेरिकेत वास्तुविशारद लुई सलिव्हन यांनी १८९६ मध्ये मांडले. पुढे १९२३ मध्ये ल कॉर्बुझिए यांनी घराला थेट यंत्राच्या रांगेत बसवले. गंमत अशी की, हेच गृहस्थ पुढे चंडीगड उभारायला आले आणि पंजाबच्या उन्हाशी त्यांची गाठ पडली. मग तिथल्या सचिवालयाला आणि उच्च न्यायालयाला त्यांनी काँक्रीटची खोल खोल सावली बाहेरून चढवली. ऊन भल्याभल्यांना छज्जा करायला लावते.

मुंबईला हे आधीच कळले होते. गिरगाव-लालबागच्या चाळींत गॅलरी म्हणजे खोल्यांपुढून जाणारी वाट. पण तिथे पोरांचा अभ्यास होई, पत्त्यांचे डाव पडत आणि उन्हाळ्यात अंथरुणेही पडत. याउलट १९२० च्या दशकात सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळी पाहा. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती होत्या, प्रत्येक खोली साधारण १६० चौरस फुटांची. वाट मात्र इमारतीच्या पोटातून, दोन्हीकडे खोल्या. हिशेब चोख, जागेची बचत पक्की. फक्त उजेड आणि वारा हिशेबातून सुटले. माणसांनी त्या अंधाऱ्या वाटेवरही संसार आणि शेजार फुलवला, हे श्रेय माणसांचे, नकाशाचे नव्हे.

मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाजवळच्या आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यांच्या गोलाकार गॅलऱ्या बोटीच्या डेकची आठवण करून देतात, तर खिडक्यांवरचे छज्जे निमूटपणे ऊन-पाऊस झेलतात. मुंबईत वारा पश्चिमेकडून येतो. पंचाईत ही की, दुपारचे ऊन आणि आषाढातला पाऊसही तिकडूनच येतो. कंबाला हिलच्या २८ मजली कांचनजंगा इमारतीत चार्ल्स कोरिया यांनी हा पेच जुन्या बंगल्याच्या व्हरांड्याने सोडवला. १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीच्या कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या गच्च्या कोरलेल्या आहेत. वारा आत येतो, ऊन-पाऊस बऱ्यापैकी बाहेर थांबतो. श्रीमंतांची इमारत असली तरी अक्कल चाळीतलीच.

मग गॅलरी गेली कुठे? थोडी आपण खाल्ली. मुलगा दहावीत गेला की 'गॅलरी आत घेणे' हा मराठी मध्यमवर्गाचा सतरावा संस्कार. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या लावल्या की अभ्यासाची खोली तयार. याला हसू नये. दोन खोल्यांत सहा माणसे राहत असली की गॅलरीलाही कामाला लागावेच लागते. उरलेली गॅलरी नियमांनी खाल्ली. चटईक्षेत्रात न धरलेल्या जागांवर मुंबईत बिल्डरांचे फार प्रेम. म्हणून कागदावर 'फ्लॉवर बेड' आले. त्यांत फुले कुणी फारशी पाहिली नाहीत. लादी बसली, भिंत सरकली आणि खोली तेवढी मोठी झाली. २०१२ मध्ये नियम बदलला. गॅलरी, फ्लॉवर बेड, कोनाडे सगळे चटईक्षेत्राच्या मोजणीत आले आणि त्याबदल्यात घरांच्या इमारतींना पैसे भरून ३५ टक्के जादा बांधकामाची सोय झाली. खोटी फुलबाग बंद झाली, हे बरेच झाले. पण गॅलरी आणि खोली एकाच भावाने मोजली जाऊ लागल्यावर गॅलरी बांधणार कोण?

त्यानंतरच्या कितीतरी इमारती काचेने नखशिखांत झाकलेल्या. कपडे बाहेर दिसू नयेत, हा सोसायटीचा नियम. काचेतून ऊन आत येते, ते घालवायला एसी लागतो आणि एसीचा बाहेरचा डबा ठेवायला मात्र खास सज्जा असतो. म्हणजे यंत्राला गॅलरी आणि माणसाला काच. कॉर्बुझिएंनाही एवढे अभिप्रेत नसावे. करोनाकाळात २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी थाळ्या वाजवायची वेळ आली तेव्हा आपण काय आत घेतले आणि काय बाहेर घालवले, ते पुष्कळांना कळले. अर्ध्या उघडणाऱ्या खिडकीतून थाळी बाहेर निघते, तर चमचा आत राहतो.

अशा बिनखात्याच्या जागा शहरातही असतात. मरीन ड्राइव्हचा कठडा समुद्रासाठी आणि शिवाजी पार्कचा मैदानासाठी. पण बसायला दोन्हीकडे मुंबई. बसणाऱ्यांची सोय कुणी मुद्दाम केली नव्हती, फक्त कुणी बसू नये याची तजवीजही केली नव्हती. आता दुकानांच्या पायऱ्यांवर टोकदार सळ्या दिसतात आणि बाकांवर मधोमध लोखंडी दांडे, कुणी आडवे होऊ नये म्हणून. या सळ्या आपले काम चोख करतात. एकच काम करतात, हाच त्यांचा दोष.

उपयोगी जागेची माझी कसोटी साधी आहे: जिथे न ठरवलेली कामेही होतात, ती उपयोगी. म्हणून नवे घर बघायला जाल, तेव्हा मॉड्युलर किचनवर भाळू नका. नमुना सदनिका दाखवणाऱ्या मुलाला एवढेच विचारा, की पाडव्याला गुढी कुठे उभारायची? तो विचारात पडला, तर भाव कमी करून मागा.